टाकीत जहर कुणी टाकलं

माय, आज वर्गात तुझी गोष्ट सांगितली. सुरतेतली एक बाई, एवढंच म्हटलं. मी आता फौजेतल्या नव्या अधिकाऱ्यांना शिकवते. विषय ऐकून तू हसली असतीस: शत्रू दिसतच नाही, ते युद्ध कसं लढायचं. गणवेश नाही, गोळी नाही. अफवा उठते, माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि हा हल्ला की नुसता अपघात, तेच कळत नाही. मी सांगते, घाईनं हात उगारू नका. तो चुकीच्या माणसावर पडावा, हेच समोरच्याला हवं असतं. अफवा आली त्या वाटेनं मागे जा. मोठी विद्वान असल्यासारखी बोलते, पण हे सगळं आपल्या नवागामच्या गल्लीत तूच करून दाखवलेलं.

नव्वदीतले ते प्लेगच्या साथीचे दिवस. अर्धी वस्ती गाडी धरून खानदेशात पळालेली, उरलेली भीतीनं अर्धमेली. त्यात एका दुपारी बोभाटा झाला, पाणी सोडणाऱ्या काकानं टाकीत जहर टाकलं. कापडाच्या लूमवरच्या माणसांनी त्याला पंपाच्या खोलीत कोंडलं, खिडकीतून दगड मारले. तू साडीला टिकल्या लावत होतीस. साडी बाजूला ठेवलीस, पदर खोचलास आणि निघालीस, मी मागे. तू काकाची बाजू घेतली नाहीस, कुणाला शहाणपण शिकवलं नाहीस. जो सगळ्यात तापलेला होता, त्यालाच सोबत घेतलंस आणि त्याच्यापासूनच सुरुवात केलीस. "तुले कोनी सांगं?" त्यानं मेहुणीचं नाव घेतलं, मेहुणीनं दुकानवालीचं. दारामागून दार तू मागे जात राहिलीस. दरेक दारात पाणी पिऊन मेलेल्यांचा आकडा कमी होत गेला. आधी पाच, मग दोन, मग कुणीच नाही. जहर तेवढं राहिलं. शेवटच्या दारात माझी मैत्रीण उभी होती. तिला कोणी सांगितलं, विचारल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्या तापलेल्या माणसाला म्हणालीस, "मीच बोलले होते. तो औषधाची पावडर टाकत होता, मला कळलं नाही. माझं चुकलं."

कुलूप उघडलं. काकाच्या कपाळाला खोक पडली होती. तू सगळ्यांदेखत त्याच्या पाया पडलीस. पुढे कितीतरी दिवस नळावरच्या बाया तुला काडी लावणारी म्हणायच्या, तू ऐकून घ्यायचीस. त्या दिवशी घरी येऊन मला एवढंच म्हणालीस, "चाल, जेवी ले." एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं गं.

आज गोष्ट संपल्यावर एका पोरीनं विचारलं, "मॅडम, त्या बाईनं ते चुकून केलं की मुद्दाम?" मी म्हटलं, चुकून.

तुलाही तसंच वाटलं असणार. लहान पोर, पावडर पाहून घाबरली. नाही माय. ती औषधाची आहे, हे आम्हाला शाळेत सांगितलं होतं. आदल्या दिवशी काकानं मला नळावरून हाकललं, पोरी हसल्या, म्हणून मैत्रिणीला सांगताना जहर हा शब्द मी माझ्या मनानं घातला. तू होतीस तोवर हे तोंडातून निघालं नाही, आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही. त्यानं तरी का हाकललं होतं? तर घरटी एकच हंडा ठरलेला, माझा भरला होता, आणि मी दुसरा लावत होते.