शहाण्यासारखा बसलेला उंदीर

तीर्थरूप ताईस,

दुकानाच्या काउंटरमागून, म्हणजे उभ्याउभ्याच, साष्टांग नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत (हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण परवापर्यंत खात्री नव्हती). तुझी तब्येत ठीकच असणार. गेल्या फोनवर जरा धाप लागल्यासारखी वाटली, पण जिना चढून आली असशील. आणि तू विणलेला निळा स्वेटर मी उंदरांना अंथरायला दिला, हे सांगितल्यावर तू नुसतं 'असू दे' म्हणालीस! मी तर फोन कानापासून लांब धरून तयारीत होतो. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात ते खरं.

तर उंदीर. तुझी भाची नोकरीच्या प्रशिक्षणाला परगावी गेली आणि जाताना आपले दोन पाळीव उंदीर माझ्या गळ्यात मारून गेली. यांना काही झालं तर मी घरी येणारच नाही, असं दारात उभं राहून बजावलं (आणि ती तुझ्यावर गेली आहे, म्हणजे खरंच यायची नाही). एक गोंधळ्या, दुसरा शहाण्या. ही नावं माझी. तिने ठेवलेल्या नावांना माझी जीभ वळत नाही. गोंधळ्या गजांना लटकतो, दुसऱ्याच्या तोंडातला घास पळवतो, माझ्या हातावरून फिरताना मुताच्या थेंबांनी खुणा करत जातो. शहाण्या मात्र कोपऱ्यात अंग फुगवून, पाठीला बाक काढून, निवृत्त मुख्याध्यापकासारखा बसलेला. जरा शीक त्याच्याकडून, असं मी गोंधळ्याला रोज सुनवायचो.

आता माझा जन्म गेला लोकांना चष्मे लावण्यात, तेव्हा मी उंदरांचेही डोळेच तपासणार. परवा सकाळी गोंधळ्या उठला तो डोळ्याच्या कडेला लाल. रक्त! ओल्या कापसाने पुसलं, मांडीवर घेऊन कुरवाळलं, तर दात करकर वाजवायला लागला आणि डोळे आतबाहेर, आतबाहेर. ताई, डोळ्यांचे नाना प्रकार पाहिलेत, पण उड्या मारणारा डोळा पहिल्यांदाच पाहिला. हा आता जातो, असंच वाटलं. दोघांना एका टोपलीत घातलं (एकाला नेलं तर दुसरा झुरतो, अशी लेकीची ताकीद), दुकानाला कुलूप ठोकलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. आत एक गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत बसलं होतं, हे तिथे पोचल्यावर आठवलं.

बाईंनी गोंधळ्याला हातात घेतलं, त्याने त्यांचं पेन पळवलं. हा ठणठणीत आहे, म्हणाल्या. ते लाल म्हणजे रक्त नव्हे, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं. झोपून उठल्यावर जरासं असतं, सारखं यायला लागलं तर मात्र दाखवायचं. आणि दात करकरणं, डोळे नाचवणं म्हणजे स्वारी खुशीत (म्हणजे मी रडकुंडीला आलो होतो तेव्हा तो माझ्या मांडीवर सुखात होता). मी निघालोच होतो, तेवढ्यात त्यांनी टोपलीत पाहिलं. शहाण्याला उचलून कानाशी धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. श्वासाला खरखर होती, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"हा कधीपासून असा गप्प आहे?"

मी तर त्या गप्प बसण्याचंच कौतुक करत होतो. फार लाज वाटली गं, आणि भीती त्याहून जास्त. आजारी उंदीर ओरडत नाही, नुसता शहाण्यासारखा बसतो, म्हणाल्या.

औषध चालू आहे. मी पाजतो, तो चावतो. आज त्याने गोंधळ्याच्या तोंडातला घास पळवला! मला इतका आनंद झाला की मी चोराला शाबासकी दिली आणि ज्याचं चोरलं त्याची समजूत काढली.

तुझा धाकटा
(तुझ्या भाषेत 'चष्मे विकणारा आंधळा')

ता. क. यातलं तुझ्या भाचीला काही कळवू नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितोय. ताई, तू तळमजल्यावर राहतेस. कुठला जिना चढलीस? आणि अख्खा हिवाळा खपून विणलेला स्वेटर उंदरांखाली गेला, तरी तू ओरडली कशी नाहीस? मला फार भीती वाटतेय. गुरुवारी सकाळी येतोय, डॉक्टरांकडे जायचंय, तयार राहा. स्वेटर बरोबर आणतो, त्याची पार चाळण झालीय. तो बघ आणि तोंडाला येईल ते बोल मला.