तीन वर्कशॉपांत वाटलेले यंत्र

मी, खुशाल डोमाजी फुंडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. त्याची झेरॉक्सही काढून ठेवली आहे, कुठे ते सांगत नाही. मला कोणी धमकावले नाही, पाजले नाही, गोड बोलून भुलवले नाही. गोड बोलणारे येऊन गेले, पण चहा पिऊन परत गेले.

कलम १. राहते घर, मागची वाडी आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी कुंता हिला. ती हयात असेपर्यंत घर विकायचा विषय कोणी काढू नये. मुलगा प्रफुल नागपूरहून आला की भिंतींकडे बघत फिरतो. पोपडे बघतो म्हणतो. मला तो मोजमाप घेतो असे वाटते.

कलम २. धानाच्या बांध्या प्रफुल व मुलगी हर्षा यांना सारख्या. तलावाखालची बांधी कोणाला, याच्या चिठ्ठ्या टाकाव्या. चिठ्ठी कुंताने उचलावी. चिठ्ठ्या लिहिणारा प्रफुल नसावा.

कलम ३. माझा व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि पान्यांची पेटी हर्षाला. प्रफुलने एकदा ड्रिल मशीन नेली आणि तिच्या चावीशिवाय परत आणली. "चावी होतीच कुठे?" असे वर मलाच विचारले. हर्षा घेतलेली वस्तू पुसून जागेवर ठेवते.

कलम ४. वर्कशॉपवाल्यांबाबत. चिखलणीसाठी मी ट्रॅक्टरचे एक लोखंडी चाक स्वतः डोके लढवून काढले होते. गोंदियातल्या एका वर्कशॉपला त्याचा नकाशा विश्वासाने दिला. पुढच्या हंगामात कोहमाऱ्याच्या चौकात धाब्यावर चहा पीत बसलो होतो, तर समोर उभ्या ट्रॅक्टरला माझेच चाक. ट्रॅक्टरवाल्याला हटकले, तर तो म्हणाला, "तुमाले पायजे असन तं पत्ता देतो." त्या वर्कशॉपचे नाव इथे लिहीत नाही, मी गेल्यावर नोटीस कुंताच्या हातात पडायची. त्यांच्यापैकी कोणी माझ्या तेरवीला आल्यास पोटभर जेवू घालावे, पण माझ्या खोलीत सोडू नये. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

कलम ५. कुंताची कंबर गेली आहे. दिवसभर वाकून धान निंदले की संध्याकाळी तिला भिंत धरून उठावे लागते. मजूर लाव म्हटले तर ऐकत नाही. दुसऱ्याच्या हाताला धान आणि गवत सारखेच, असे तिचे म्हणणे. म्हणून उभ्याने ढकलायच्या निंदणयंत्राचा नकाशा मी काढला. बाजारातले यंत्र आमच्या चिकट मातीत रुतते. माझे रुतणार नाही. एकच नग हवा म्हटल्यावर मोठे कारखाने दारात उभे करत नाहीत, लेथवाल्यालाच गाठावे लागते. पण पूर्ण नकाशा कोणाला दाखवायचा नाही हे माझे ठरलेले होते. मी कामाचे तीन तुकडे केले: सांगाडा गोंदियाला (पण दुसऱ्या वर्कशॉपात), दातांचा ढोल आमगावला, शाफ्ट कोहमाऱ्याला. खरा उपयोग कळला की चोरी होणार, म्हणून प्रत्येकाला वेगळे कारण सांगितले.

गोंदियावाल्याने विचारले, "काकाजी, ये किसका है?" मी म्हणालो, कूलर का. त्याने सांगाड्याखाली चार चाके जोडून दिली आणि म्हणाला, "सरकाने में आसानी होगी." आमगावला मका सोलायचे यंत्र सांगितले होते, दाणा फुटू नये म्हणून त्याने सगळे दात घासून बोथट केले. कोहमाऱ्याला पाळण्याचा दांडा सांगितला. त्याने शाफ्ट बारीक, गुळगुळीत केला, टोकांना पितळी बोंडे बसवली आणि वरून नातवाला आशीर्वाद दिला. बांधीत उतरवून पहिल्यांदा ढकलले तोच शाफ्ट वाकला. तिघे आतून मिळालेले असावेत असा माझा संशय आहे. अजून सिद्ध झालेला नाही.

कुंता बांधावर उभी होती. म्हणाली, "आपल्या गावच्या गोवर्धनले काऊन नाई दाखवत? स्टँडवरच तं आहे त्याचा वर्कशॉप."

"जवळचा माणूस जास्त पाह्यते."

"मंग पाहू द्या ना! माही कंबर तुटून राहिली अन् तुमी कागद लपवून राहिले."

मी वाकलेला शाफ्ट सोडवायला बसलो.

कलम ६. सदर नकाशा संदुकीत कुलूपबंद आहे. माझ्या पश्चात तो कुंताचा. तिने यंत्र करून घ्यावे, पण तुकड्या-तुकड्यांनीच.

कलम ७. साक्षीदार म्हणून वर्कशॉपवाला गोवर्धन आणि त्याचा शेजारी ओमेश यांना बोलावले आहे. नालीच्या पाण्यावरून दोघांचे पोळ्यापासून बोलणे बंद आहे. त्यामुळे ते संगनमत करणार नाहीत.

कलम ८. हे कलम साक्षीदार आल्यावर लिहिले. वरील कलम ६ रद्द समजावे. कारण असे.

सही करण्याआधी मी सर्व वाचून दाखवले. कलम सहा संपले तशी कुंता उठली. "मेल्यावर? तुमी मेल्यावर मी उभ्यानं निंदू?" असे म्हणून तिने माझ्या करदोड्याची किल्ली दोन्ही साक्षीदारांदेखत सोडून घेतली, संदूक उघडली आणि अख्खा नकाशा ओट्यावर गोवर्धनपुढे पसरला. मी "थांब" म्हणालो नाही. का म्हणालो नाही ते मलाही ठाऊक नाही.

नकाशा कुंताही पहिल्यांदाच पाहत होती. यंत्र ढकलणारा माणूस मी त्यात काढला आहे.

"याले तं मिशा आहेत," ती म्हणाली.

मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि नकाशातला दांडा जिथे येतो तिथे, माझ्या छातीवर, तिने हात ठेवला. तोच हात सरळ स्वतःकडे नेला. तो तिच्या हनुवटीला लागला.

"माह्यासाठी होता ना?"

मला फार वाईट वाटले. कुंताला मी चोर समजत नव्हतो, तरी तिच्यापासूनही कागद लपवला, आणि माप घ्यायला माझ्याजवळ मीच तेवढा उरलो.

टेप गोवर्धनने काढला. मी तो त्याच्याकडून घेतला. कुंताला भिंतीला टेकवून ताठ उभे केले, टाचेपासून कोपरापर्यंतचे माप मीच घेतले आणि नकाशावर जुने माप खोडून लिहिले. तिला ताठ उभे राहताना त्रास होत होता; तरी ती हसत होती. पूर्ण नकाशा गोवर्धनच्या हाती दिला आहे. तो धानाच्या रोवणीआधी यंत्र देतो म्हणाला. त्याने मोबाइल खिशातून बाहेर काढला नाही, हे मी पाहिले आहे.

यंत्र आल्यावर ते कुंताच्या मालकीचे. ते तिला माझ्या हयातीतच मिळावे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

खुशाल डोमाजी फुंडे (सही)

साक्षीदार : १. गोवर्धन हुकरे (सही)
२. ओमेश बहेकार (सही)

ठिकाण : कामठा, राहत्या घराचा ओटा
दिनांक : १४ मे २०२५