कप्तानाचे डोंगर

२ सप्टेंबर

गेली जागा. जहाजावरची. माझी!

सुरेश सरांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. सर आपण होऊन पाणी देतात म्हणजे काहीतरी वाईट असतं, तेव्हाच समजायला हवं होतं. डिसेंबरच्या अंटार्क्टिका मोहिमेत आमच्या संस्थेची एकच जागा. ती आता अरुणाला, माझ्याच मैत्रिणीला. नाव कळवूनसुद्धा झालं. सर अगदी मायेने म्हणाले, "कळलं मला सगळं. तुझ्या जाईचं ओ-लेव्हलच्या बोर्ड परीक्षेचं वर्ष सुरू होणार. तू तिकडे गेलीस तरी अर्धी इथेच राहशील."

अर्धी इथेच राहशील — हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे. गेल्या महिन्यात ऑफिसला जाताना सर्कल लाइनच्या मेट्रोत मी अरुणाशी बोलले होते. फक्त तिच्याशी. मनात धाकधूक होती म्हणून बोलले, जायचं नव्हतं म्हणून नाही.

कोणी सांगितलं तुम्हाला, विचारलं. तर हसून म्हणतात, "आपल्याच माणसाने. काळजीपोटी." मी बरीच भांडले. पण यादी पुढे गेलेली, आता बदलता येत नाही, पुढच्या वर्षी बघू, वगैरे. पुढच्या वर्षी जहाज त्या किनाऱ्याला जाणारच नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

३ सप्टेंबर

अरुणाला जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरवर, खाण्याच्या स्टॉलांपाशी गाठलं. तिचा ट्रे अजून हातातच होता. म्हटलं, मागायची होतीस जागा, दिली असती एखाद वेळेस, चोरायची कशाला?

ती म्हणते, तिने सरांना दोनदा नाही सांगितलं. म्हणते, तिला वाटलं मीच माघार घेतली. मी विचारलं, माझ्या गाडीतल्या गप्पा सरांपर्यंत गेल्या कशा मग? तिने ट्रे खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "रुपाली, घरी एकदा विचार."

घरी! माझ्या घरात काय विचारायचंय? नऊ वर्षांची मैत्री. जाईला डेंगी झाला तेव्हा हॉस्पिटलात माझ्या बरोबरीने बसलेली बाई ही. आणि आता वर मलाच घर दाखवते. जेवलेच नाही. तशीच उठून आले.

संध्याकाळी नरेशला सगळं सांगितलं. आधी त्याने विचारलं, अरुणा नक्की काय म्हणाली. मग असा भडकला की मीच दचकले. आवाज चढवणारा माणूस नाही तो. "त्या बाईला या घरात पाऊल ठेवू देणार नाही," म्हणाला. मग आल्याचा चहा करून आणून दिला. कोणीतरी आपल्या बाजूचं आहे, एवढ्यानेच बरं वाटलं. खूप रडले.

७ सप्टेंबर

रविवार. जाईने विचारलं, "Your captain, he lied or not?"

तिला परत पहिल्यापासून सांगितलं. दीडेकशे वर्षांपूर्वीचा सील मारणाऱ्या जहाजाचा कप्तान. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत, एका लख्ख सकाळी, त्याला बर्फापलीकडे डोंगरांची अख्खी रांग दिसली. त्याने शिखर न् शिखर काढून ठेवलं आणि खाली लिहिलं, इथून दोन दिवसांवर. पुढे दुसरं जहाज त्या डोंगरांच्या जागेवरून सरळ पार गेलं — डोंगर नाहीतच, नुसतं पाणी! कप्तान खोटारडा ठरला. परत कोणी जहाज दिलं नाही त्याला.

पण डोंगर आहेत. उपग्रहाच्या फोटोत आहेत, फक्त कितीतरी आत, दूर. थंडगार हवेत प्रकाश वाकतो आणि लांबचं वर उचलून जवळ आणून ठेवतो. त्याने जे पाहिलं तेच काढलं. माझी अकरा वर्षं यात गेली आहेत. राहिलंय एवढंच, की त्याच जागी उभं राहून, तशाच सकाळी, ती रांग डोळ्यांनी पाहायची आणि त्याच्या चित्राशी ताडायची.

"So he never lie lah," जाई म्हणाली आणि मोबाईल घेऊन आत गेली. पंधरा वर्षांच्या पोरीला एका वाक्यात जे पटतं त्यासाठी मला जहाज लागतं.

१९ सप्टेंबर

सेरंगून स्टेशनला अरुणा गाडीत चढली. मी उतरून मागच्या डब्यात गेले.

१४ ऑक्टोबर

सरांचा हुकूम — कप्तानाचं सगळं अरुणाला नीट समजावून दे. नीट!

दिलं. चित्राच्या प्रती, फोटो, सगळं. एक सोडून. कप्तानाचं घड्याळ चुकीचं चालायचं, आणि समुद्रात तेव्हा घड्याळावरूनच जागा काढायचे, त्यामुळे त्याने लिहिलेली जागाही चुकीची आहे. खरी जागा मी काढली आहे, पण अजून कुठे छापलेली नाही. अरुणाने नेमका तोच प्रश्न विचारला. "उभं कुठे राहायचं? त्याने लिहिलीय तीच जागा नक्की?"

"तीच," म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तीच लिहून घेतली. आता राहू दे उभी! भलत्या ठिकाणी कुडकुडत, समोर पाणी बघत. येताना गाडीत फार हलकं वाटत होतं. घरी येऊन भात लावला, तेव्हा नाही वाटलं तसं.

२१ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ अरुणाकडून आला नाही. अर्थात. जाई दोनदा विचारून गेली, चकल्या कुठायत. माझ्या चकल्या मऊ पडतात, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

नरेश फार जपतोय हल्ली. भांडी घासतो, ऑफिसातून मेसेज करतो, जेवलीस का. काल म्हणाला, एका परीने बरंच झालं, जाईला तुझी गरज आहे येत्या वर्षात. मी म्हटलं, बरं काय झालं त्यात? तर लगेच, तसं नाही गं, म्हणाला. मला सहन होत नाही कोणी बरं झालं म्हटलेलं. त्यानेसुद्धा म्हणू नये.

२९ नोव्हेंबर

मी बाजारात गेलेली असताना अरुणा आली होती! नरेशने दारातूनच परत पाठवलं. कप्तानाचे आणखी कागद मागायला आली होती, म्हणाला, तिला सांगितलं की आता पुरे.

जाईचं तोंड उतरलेलं. "Papa never even open the gate lah. Aunty stand outside like delivery man." नरेशने तिला आत जायला सांगितलं.

दाराच्या लोखंडी गेटबाहेर चपलांच्या स्टँडवर ती पिशवी ठेवून गेली होती. आत चकल्यांचा डबा. नरेश म्हणाला टाकून दे. टाकवल्या नाहीत. एकही खाल्ली नाही. जाईने सगळ्या संपवल्या.

४ डिसेंबर

आज ती केपटाऊनला गेली, तिथून जहाज. ऑफिसात सगळे तिला निरोप द्यायला खाली उतरले. मी काचेतून पाहिलं. तिने वर पाहिलं असावं. मी बाजूला झाले.

तो किनारा मी स्वप्नात इतक्यांदा पाहिला आहे की तिथे दुसरं कोणी जातंय हे अंगावर येतं. आणि जातंय कोण — तर जिला मी सगळं सांगत आले ती.

२७ डिसेंबर

जहाजावरून ऑफिसला तिची मेल. बर्फ लागलं. माझ्यासाठी वेगळं काही नाही. मी तरी कशाची वाट बघत होते?

सर म्हणाले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचतील तुझ्या कप्तानाच्या जागेवर. पोचतील खरं. त्या जागेवरून काहीही दिसणार नाही. मग ती येऊन सांगेल, डोंगर नाहीतच, आणि माझा कप्तान दुसऱ्यांदा खोटारडा ठरेल. या वेळेला माझ्यामुळे. हे मला ऑक्टोबरात सुचलं नव्हतं असं नाही. मी ते मनात येऊ दिलं नाही. आता येतं, आणि लगेच तिचा राग येतो, आणि मग बरं वाटतं.

४ जानेवारी

हौगांगच्या बाजारात प्रेमलावहिनी भेटल्या, सुरेश सरांच्या मिसेस. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "नरेशभाऊंसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं गं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे येऊन बसले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, ती स्वतःहून नाही म्हणणार नाही, पण अर्धी इथेच राहील. अरुणाने त्यांना सांगितलं होतं ना, रुपाली घाबरलीय, तिला जरा धीर द्या म्हणून."

कशी घरी आले आठवत नाही. आधी अरुणाला मेल केली: मी दिलेली जागा चुकीची होती, मुद्दाम दिली होती, खरी ही.

मग स्वयंपाकघरात गेले. नरेशने विचारलं, कोथिंबीर मिळाली का.

मी म्हटलं, "ती त्या दिवशी गेटपाशी काय सांगायला आली होती?"