बांधाचे दगड

वाडी, ता. पोलादपूर
७ जून

चि. सौ. अक्षदास बाबांचे अनेक आशीर्वाद.

वाडीतला टॉवर बंदच आहे, म्हणून हे पत्र. महादू दर रविवारी कामासाठी बिरवाडीला निघतो, शनिवारी परततो. उत्तर त्याच्याकडेच दे.

तुझ्या आईसाठी परसबागेत दगडी वाट केली. पायरीपासून न्हाणीपर्यंत, मोगऱ्याला वळसा घालून. गेल्या पावसात ती शेवाळावरून घसरून खुबा मोडून बसली, तेव्हापासून डोक्यात होतं. वीतभर खणलं, खाली खडी, वर रेती आणि त्यावर दगड ठोकून बसवले. बाजारच्या फरशीवर पाय सरकतो. हे आपले काळे, खरबरीत दगड घरामागच्या जुन्या बांधाचे. वरचं शेत आता कोण करतंय? नुसते पडून होते. बाईसाहेब काठी टेकत एकट्या न्हाणीपर्यंत जातात आणि माझ्यावर मेहेरबानी केल्यासारख्या बघतात.

दोन दिवसांच्या पावसात मधले तीन दगड कलले. पुन्हा बसवीन. जावईबापू यशराजना आशीर्वाद सांग. म्हाताऱ्यांवर लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा बाबा,
कुशाबा

बिरवाडी
१२ जून

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबा, तो बांध नुसता पडून नव्हता, वरची माती धरून होता. आजोबा दर मे महिन्यात त्याचे निसटलेले दगड परत बसवायचे, आम्हाला त्यावर बसूसुद्धा द्यायचे नाहीत. पाणी फटींतून निघून जायचं आणि माती मागे राहायची. आता ती कशाला टेकणार? दगड रेतीमुळे कलले असं मला वाटत नाही. ते घराकडे कललेत का, एवढं बघा.

वर भेग दिसली तर त्याच दिवशी आईला घेऊन इकडे या. यशराज गाडी घेऊन येतो म्हणालेत. आंबेनळी घाटाकडे दरड पडल्याची बातमी लागली की गावाचं नाव कळेपर्यंत मला घास गिळवत नाही. तुम्ही रागवाल. रागवा, पण या.

लेकीची माया असेल तर एवढं ऐका.

तुमची अक्षदा

वाडी
२१ जून

चि. अक्षदास आशीर्वाद.

दोन दिवस रागावलो होतो. मुंबईत पंचवीस वर्षं सेंट्रिंगची कामं केली आणि आता लेक मला शिकवणार! मग वर जाऊन बघितलं. भेग आहे. सोमवारी तिच्यात बोट जात होतं, आज मूठ जाते. दगड घराकडेच कलतात. तुझी आई उठायच्या आत मी ते ठोकून सरळ करतो.

तिला काही सांगितलेलं नाही. निघू म्हटलं तर कारण विचारील. तिच्यासाठी केलेल्या वाटेपायी घर धोक्यात आणलं, हे कोणत्या तोंडाने सांगू? उरलेले दगड रोज वर नेऊन बांध लावतोय, आठ दिवसांत पुरा होईल. तोवर गाडी पाठवू नकोस.

मला भीती वाटते, अक्षदा. तिला कळू देऊ नकोस.

कुशाबा

२१ जून

अक्षदा बाय, तुला आईचा आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी महादूकडं पत्र दिलं, त्यांच्या मागनं मी ही चिठ्ठी देते हाय. त्यांना ठाऊक नाय.

त्यांना वाटतं मला काय कळत नाय. त्या वाटेवरनं मीच चालते गो, पायाला कळतंच. सकाळी सरळ असलेला दगड दुपारी कललेला असतो. आंब्याचं कलम बघतो सांगून वर जातात नि चिखलानं भरून येतात. काल मी मागच्या दारात बसलेले. वरनं दगडावर दगड ठोकल्याचा आवाज येत होता, तो मधीच थांबला. हाक मारली तर ओ येईना. काठी घेऊन उठले. मग पुन्हा ठोकायला लागले, तवा जिवात जीव आला. असा आणखी एक दिवस मला काढायचा नाय.

बांध पुरा झाल्याबगर ते हलायचे नाय. भांडून उपयोग नाय, चाळीस वर्षं वळखते त्यांना. म्हणून उद्या सकाळी मी त्या वाटेवर पडणार हाय. म्हंजे हळूच बसणार, नि खुबा गेला म्हणून बोंब मारणार. मग कसला बांध नि कसलं काय, मला पाठीवर घेऊन धावत सुटतील. यशराजला उजाडताना गाडी घेऊन खालच्या रस्त्यावर उभं ऱ्हायला सांग.

मला कण्हताना बघून घाबरू नको. लागलं तर दिवाळीपर्यंत कण्हत ऱ्हाईन. आपल्या दगडावरनं बायको पडली म्हणून ते मनाला लावून घेतील, जेवायचे नाय. खरं काय ते तू त्यांना कधीच सांगू नको, मी मेल्यावर पण नको.

सकाळपर्यंत डोंगर थांबू दे, एवढंच देवाकडं माग. आईवर जीव असू दे.

तुझी आई,
ठमाबाई