एक डबा बरोबर अर्धा किलो

४ फेब्रुवारी, सकाळी १०:१५
ही गेली. मुलीचं बाळंतपण, महिनाभर तरी येत नाही. बस सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालू होत्या. सात गायी, भिंतीवर खडूने लिहिलंय तसं आणि तेवढंच द्यायचं, पत्र्याच्या डब्यानेच मोजायचं, धारवाल्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. ठिपकीला जपायचं, ती वीस दिवसांपूर्वीच व्यालीय. मी सगळ्याला हो म्हटलं. शेवटी म्हणाली, महिनाभर गायी आहेत तशा ठेवल्यात तर आल्यावर त्यांच्या खाण्यापिण्याचं सगळं तुमच्याकडे.

हे वाक्य इथे तारखेनिशी लिहून ठेवतो. नंतर शब्द फिरवायला नको.

वीज कार्यालयातून निवृत्त होऊन आठ महिने झाले. एकतीस वर्षं माझ्या सहीशिवाय तिथे कागद हलला नाही. आता घरात माझं काम एकच, बेल वाजली की दार उघडणं. गोठा हिचा, गेली बावीस वर्षं. मदत करायला गेलो की म्हणते, अहो, तुम्ही बसा. बसून बसून माणसाचं काय होतं ते हिला माहीत नाही.

पण गायी नुसत्या आहेत तशा ठेवण्यात माझा काय पुरुषार्थ? ही येईपर्यंत दूध दीडपट करणार.

४ फेब्रुवारी, सायं. ६
जावयाने फोनवरून सांगून सांगून लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून घेतलं. गायीचं वजन आणि दूध भरायचं, घरात कोंडा, पेंड, मका, चारा काय काय आहे ते भरायचं. मग कुठल्या गायीला काय किती किलो द्यायचं ते ग्रॅमपर्यंत सांगतं. प्रथिनं, ऊर्जा, खनिजं, प्रत्येकाचा एक चौकोन. कमी पडलं की लाल, जमलं की हिरवा. सगळे हिरवे झाले की आहार संतुलित. एवढं स्वच्छ काम मी कार्यालयातही पाहिलं नाही.

संकल्प: पहाटे साडेचारला धारवाल्याच्या आधी गोठ्यात हजर. रोज नोंद. निवृत्तीनंतर घरात अळिंबी लावून पाहिली होती, त्या वेळच्या चुका पुन्हा नाहीत. तेव्हाही चूक हवामानाचीच होती.

५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०
साडेचारला जाग आली नाही. पहिला दिवस धरत नाहीत.

सॉफ्टवेअर किलोत बोलतं आणि ही डब्यात. स्वयंपाकघरातला काटा खाद्याच्या खोलीत नेला. डबा कोंड्याने काठोकाठ भरून ठेवला. बरोबर ५०० ग्रॅम. तीनदा ठेवला, तीनदा पाचशे. म्हणजे एक डबा बरोबर अर्धा किलो. इतकी साधी गोष्ट बावीस वर्षांत कुणी मोजली नव्हती! मका आणि पेंड वेगळी मोजत बसलो नाही, डबा तोच आहे. दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं.

मग हिचा भिंतीवरचा आहार किलोत करून भरला. ऊर्जेचा चौकोन लालभडक. मका फारच कमी! बिचाऱ्या गायी बावीस वर्षं लाल चौकोनावर दूध देताहेत. मला खरंच दया आली.

६ फेब्रुवारी, दुपारी १
आजपासून नवा आहार. सॉफ्टवेअरला नावं चालतात, पण मी क्रमांक दिले, शिस्त लागते. ठिपकी म्हणजे क्र. ४. ती सगळ्यात जास्त दूध देते म्हणून तिला लक्ष्यही सगळ्यात मोठं. मका रोज तीन किलो, म्हणजे सहा डबे. वाळला चारा निम्मा केला, उगाच पोटात जागा अडवतो.

काल संध्याकाळीच सात बादल्या चिठ्ठ्या लावून ओळीत ठेवल्या होत्या. धारवाला त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभा होता म्हणे. मी उठून गेलो तर त्याने विचारलं, ताईंना माहीत आहे का? मी म्हटलं, कॉम्प्युटरला माहीत आहे. त्याने कान खाजवला. ह्या माणसाची अडचण अशी की तो वाद घालत नाही.

गायींच्या खुंटांवर क्रमांकाचे कागद चिकटवले. क्र. २ ने आपला क्रमांक खाल्ला. त्यात तंतू किती ते भरायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही.

८ फेब्रुवारी, सायं. ७
दूध वाढलं! एकूण चार लिटर, त्यातलं दोन एकट्या क्र. ४ चं. मुलीला फोन केला. ही शेजारीच होती. आकडा ऐकून विचारलं काय, तर शेण कसं आहे. मी दुधाचं बोलतोय आणि ही शेणाचं. वर विचारलं, भिंतीवरच्यासारखंच देताय ना? मी म्हटलं, अगदी त्याच डब्याने. हे खोटं नाही.

उद्या साडेचार. गजर दोन लावले.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
दोन्ही गजर मीच बंद केले असावेत.

दूध केंद्रावरच्या बाईंनी निरोप पाठवला, फॅट फार खाली आलीय. त्यांचं मशीन जुनं झालंय. तसं कळवलं. त्यांनी उलट कळवलं की बाकी सगळ्यांची फॅट त्याच मशीनवर बरोबर येते. मुद्दा तो नाही.

११ फेब्रुवारी, सायं. ६:३०
क्र. ४ ने बादली अर्धी सोडली. शेण पातळ, पाण्यासारखं. ती रवंथही करत नाही असं धारवाला म्हणाला. मी लॅपटॉप गोठ्यात नेला, सगळं पुन्हा तपासलं. सगळे चौकोन हिरवे. तो स्क्रीनकडे बघेना, गायीकडेच बघत राहिला. म्हणाला, वाळला चारा टाकू का थोडा? मी नको म्हटलं, संतुलन बिघडेल.

हवा बदलतेय. त्याचं असेल.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८
आज साडेचारला उठलो. धारवाल्याने उठवलं. म्हणाला, "साहेब, ठिपकी उठत नाहीये."

जमिनीला पोट टेकून बसली होती, मान वळवून. डोळे खोल गेलेले. मी हाक मारली. एरवी कान हलवते.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
गुरांचे डॉक्टर येऊन गेले. तरुण आहेत, मला काका म्हणतात. पोटाला हात लावून, कान लावून पाहिलं, विचारलं मका किती घालता. मी फाइल उघडून छापील तक्ता दाखवला. तीन किलो. ते म्हणाले, तीन किलोने असं होणार नाही, मोजता कशाने? मी डबा दाखवला. दारावरचं लिहिलेलंही दाखवलं.

त्यांनी डबा मक्याच्या भरड्याने भरला आणि काट्यावर ठेवला. १ किलो २५० ग्रॅम.

"काका, तुम्ही तिला रोज साडेसात किलो मका घालताय."

कोंडा फुसका असतो, मका जड. हे मला कुणी सांगितलं नाही. सॉफ्टवेअरनेही विचारलं नाही. मी डॉक्टरांना हेच सांगत होतो, पण ते बाटलीत सोडा कालवत होते. पोटात नुसतं आंबट झालंय म्हणाले. ती व्यालेली, सगळ्यात भुकेली, म्हणून तिला सगळ्यात आधी बाधलं. बाकीच्याही याच वाटेवर होत्या. मका पूर्ण बंद, समोर फक्त वाळला चारा. उद्यापर्यंत रवंथ सुरू झाली तर वाचली, नाहीतर काही सांगता येत नाही.

धारवाला फोन घेऊन बाहेर गेला. अशा वेळीही फोन.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
तिच्याजवळ पोत्यावर बसून लिहितोय. तिची आई व्याली आणि गेली. हिने ठिपकीला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तीन आठवडे ही गोठ्यातच झोपत होती आणि मी घरात चिडचिड करत होतो, माझा कार्यालयाचा डबा कोण भरणार म्हणून.

हिला फोन करायला हवा. तिकडे मुलीचे दिवस भरलेत, उगाच डोक्याला ताप. हे कारण खरं आहे. खरं कारण मात्र ते नाही. मला भीती वाटते. ही रागावेल म्हणून नाही. ही म्हणेल, तुम्ही बसा.

ठिपकीची माफी मागितली. कुणी ऐकलं नाही. धारवाल्याने ऐकलं बहुतेक.

१३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०
जबडा हलतोय! गळ्यातून गोळा वर आला, नीट दिसला, आणि चावायला लागली. माझ्या डोळ्यांत भुसा गेला. धारवाला म्हणाला, दोन्ही डोळ्यांत?

१४ फेब्रुवारी, सकाळी १०
शांतपणे विचार केला. चूक तत्त्वाची नव्हती, डब्याची होती. डबा हिचा. अर्थात हे मी बोलणार नाही.

डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी हळूहळू खाद्य सुरू करा आणि प्रत्येक जिन्नस वेगळा मोजा. कॉम्प्युटर वाईट नाही, म्हणाले. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. सगळं नव्याने वजन करून भरलं. आहाराच्या तक्त्याची आवृत्ती ७ तयार.

दारावरचं पुसलं. नीट पुसलं जात नाही.

१८ फेब्रुवारी, सायं. ५
मुलीला मुलगी झाली! दोन किलो नऊशे ग्रॅम. डब्याने मोजली नाही ना, असं मी गमतीने विचारणार होतो. विचारलं नाही. हिने फोनवर गायींबद्दल अक्षरही काढलं नाही. आठवडाभर काढलेलं नाही. याला म्हणतात विश्वास.

आजपासून आवृत्ती ७ लागू. संध्याकाळी बादल्या मी भरून ठेवतो, पहाटे धारवाला घालतो. साडेचारचा संकल्प तूर्त स्थगित, कारण नियोजन आणि अंमलबजावणी ही खाती वेगळी असलेली बरी.

धारवाल्याचं फोनचं व्यसन वाढलंय. रोज पहाटे कुणाशी तरी बोलतो म्हणे, शेजारी सांगत होते.

२३ फेब्रुवारी, दुपारी १२
फॅट पूर्ववत! ठिपकी उभी राहून हंबरते, क्र. २ लाथा मारते, सगळं ठणठणीत. आवृत्ती ७ म्हणजे आवृत्ती ७.

एक गंमत नोंदवण्यासारखी. हिशोबाप्रमाणे मक्याचं पोतं महिनाअखेरपर्यंत पुरायला हवं होतं. कालच संपलं. कोंडाही तसाच. शास्त्रीय आहाराने भूक वाढते ती अशी. जावयाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

२८ फेब्रुवारी, सायं. ६
केंद्रावरच्या बाईंना सुचवलं की इतर गोठेवाल्यांसाठी माझं एक व्याख्यान ठेवावं. त्या म्हणाल्या, ताई आल्या की बघू. यात हिचा काय संबंध?

हिला १२ तारखेचं कसं सांगायचं ते ठरवलं. ठिपकीला मध्यंतरी किंचित अपचन झालं होतं, वेळीच लक्ष दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं.

६ मार्च, दुपारी ३
ही आली. पिशवी दारातच टाकली आणि घरात न येता सरळ गोठ्यात. ठिपकी दोराला ओढ देऊन हंबरायला लागली. मी फाइल घेऊन मागे उभा. हिने आधी शेण पाहिलं, मग तिच्या गळ्याखाली हात फिरवला, बराच वेळ.

मी वाक्य सुरू केलं. मध्यंतरी किंचित, इथपर्यंत आलो. ही खाद्याच्या खोलीत गेली, कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली पोती. आठ भरलेली, नववं अर्धं. प्रत्येकात कोंडा, पेंड, मका एकत्र, आणि वर माझ्या चिठ्ठ्या. क्र. १, क्र. २, क्र. ४. आवृत्ती ७.

धारवाला स्वतःच्या पायांकडे बघत होता. म्हणाला, ताई म्हणाल्या साहेबांना वाईट वाटेल, सांगू नका. १२ तारखेपासून रोज पहाटे हिचा त्याला फोन. आधी काही दिवस नुसता वाळला चारा, मग भिंतीवरच्या खडूप्रमाणे डबे, आणि माझ्या बादल्या ताडपत्रीखाली. हिने तिकडे मुलीच्या उशाशी बसून सात गायी सांभाळल्या. मी इथे बसून व्याख्यान तयार केलं.

मला वाटलं आता फटकारेल. मी तयार होतो. हिने पोत्याचं तोंड बांधलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही मला फोन का नाही केलात?"

माझ्याकडे फाइल होती. ती मी पोत्यावर ठेवली.

६ मार्च, सायं. ७
ते ४ तारखेचं वाक्य काढून वाचलं. आहेत तशा ठेवल्यात तर. गायी आहेत तशाच आहेत. तरी हिला दाखवलं नाही.

७ मार्च, सायं. ७
हिने मला काम दिलं! आपणहून! ठिपकीसमोर बसायचं आणि एक गोळा वर आला की ती तो किती वेळा चावते ते मोजायचं. पन्नासच्या वर म्हणजे पोट बरोबर. फार महत्त्वाचं आहे, म्हणाली. नवी वही उघडली. तारीख, वेळ, आकडा, शेरा. सॉफ्टवेअरमध्ये याला चौकोनच नाही. ही त्यांची त्रुटी आहे, त्यांना लिहिणार.

संध्याकाळी आकडा सांगितला. ५३. हिने बरं म्हटलं.

९ मार्च, सायं. ६
५५, ५१, ५८. सरासरी काढून सांगितली. हिने भाजी निवडता निवडता हं म्हटलं. साडेचारला आपोआप जाग येते आता. धारवाला पोतं सरकवून जागा देतो.

१५ मार्च, सायं. ७:३०
ठिपकी ५६. तिला माझी सवय झालीय, मोजताना बघत राहते.

आज आकडा मुद्दाम सांगितला नाही. हिने दाराशी उभं राहून ठिपकीकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. चहा झाला. गोठा झाडून झाला. भांडी झाली. हिने विचारलं नाही.

कालही मीच सांगितला होता. परवाही.

५६ लिहून ठेवतो. बेल वाजतेय, दार उघडून येतो.