वहिनीच्या छातीतली घरघर

सोमवार, १४ जून १९४८. नळदुर्ग

आज बकऱ्याचं हृदय हातात धरलं. घरी सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

दवाखान्याच्या डॉ.बाईंनी खाटकाकडनं केळीच्या पानावर आणवलं होतं. दाईच्या शिक्षणाला आम्ही चौघी, त्यात लिंगायताची मी एकटी. बाकीच्या पुढं सरकल्या, मी भिंतीला चिकटून. डॉ.बाई म्हणाल्या, "गिरिजा, हात लगाव. डर नक्को." गळ्यातलं लिंग पदराआड केलं नि घेतलं. गार होतं. वाटलं त्याहून जड.

सुरीनं उभं चिरलं. आत चार खोल्या, वर दोन, खाली दोन. मधल्या दाराला पातळ पडदे, अन् पडद्यांना खालनं दोरे, राहुटीला ताणे असतात तसे. रक्त खाली उतरलं की दार मिटतं, मागं फिरता येत नाही. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसात जाऊन हवा घेतं, डावीकडं येतं, तिथनं सगळ्या अंगात.

आपण काळीज म्हणतो ते हे नव्हेच म्हणे. काळीज उजव्या बरगडीखाली, त्याचं काम अन्नाचं. धडधडतं ते हे. म्हणजे "काळीज धडधडलं" हे सगळे चूकच म्हणतात.

हात राखेनं घासले. वास अजून आहे.

शनिवार, १९ जून. अणदूर

घरी आले. अण्णाच्या, थोरल्या भावाच्या, दुकानात कापड संपत आलंय. सोलापूरचा रस्ता बंद, हैदराबाद संस्थान अन् हिंदुस्थान यांच्या हद्दीवर दोन्हीकडनं अडवतात. संस्थानाच्या बाजूच्या बंदूकवाल्यांची लॉरी परवा गावातनं दोनदा फिरून गेली. कुणाला काही केलं नाही. नुसती फिरली.

वहिनीला सहावा महिना. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर, त्यामुळं अव्वाचे, माझ्या आईचे, पाय जमिनीवर नाहीत. "बघ कशी लाली चढलीया गालावर. पोरगाच हाय." लाली खरीच आहे. पण ओठ जांभळट दिसले.

आडावरनं घागर आणून वहिनी उंबऱ्यातच बसली. बराच वेळ उठेना. विचारलं तर म्हणे, "काय न्हाय वन्सं, दम लागतोय जरा. पोटुशीला लागतोच की."

लागतो. पण इतका?

गुरुवार, २४ जून. नळदुर्ग

लाकडी नळीनं एकमेकींची छाती ऐकली. दोन ठोके, मग शांत, परत दोन ठोके. दारं मिटल्याचे आवाज आहेत ते.

डॉ.बाई सांगत होत्या, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला की काहींच्या हृदयाच्या डाव्या दाराचे पडदे एकमेकांना चिकटतात. दार पुरतं उघडत नाही. रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. अशी बाई चढण चढली की धापा टाकते. गालावर लाली दिसते, लोकांना वाटतं तब्येत चांगली आहे.

माझ्या हातातला बोरू थांबला.

विचारलं, अशी बाई गरवार राहिली तर? म्हणाल्या, पोटुशीच्या अंगात रक्त वाढतं. दार तेवढंच, रक्त जास्ती. मग मला म्हणाल्या, "कौन है?"

म्हणाले, कुणी नाही.

रविवार, ४ जुलै. अणदूर

नळी मागून आणली होती. अव्वा देवळात गेल्यावर वहिनीला म्हणाले, जरा डाव्या कुशीवर व्हा, मला शिकायचंय. ती हसत झोपली. "बाळ ऐकताय व्हय वन्सं? मग पोटाला लावा की, छातीला काय?"

पहिला ठोका जोरात. दुसरा. अन् मग शांत नाही. घरघर. दुसऱ्याच्या घरात जातं फिरावं तशी, बारीक, खोल. नळी काढली, परत लावली. तीच.

लहानपणी कधी सांधे धरले होते का? "तुमाला कुणी सांगितलं? न्हाण यायच्या आधी. दोन म्हैने गुडघं सुजलेलं. आई मला उचलून परसाकडं न्यायची."

काय ऐकू आलं, विचारलं तिनं. म्हणाले, ठोके. खोटं नाही. पण

बुधवार, ७ जुलै. नळदुर्ग

डॉ.बाईंना सांगितलं. रागावतील वाटलं होतं, त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पहले मेरेकू सुनने दो. फिर रोना." मी रडत होते हे मलाच कळलं नव्हतं.

रविवार, ११ जुलै. अणदूर

आज सांगितलं. सांगायला नको होतं, किंवा असं नको होतं. कसं सांगायचं पण?

अण्णा जेवायला बसला होता. म्हणाले, वहिनीच्या हृदयात दोष आहे, डॉ.बाईंना दाखवा, बाळंतपण जिवावर बेतेल. अव्वाच्या हातातली परात खाली पडली. "तुझ्या तोंडून असलं कसं निघतं गं? सवताचं कपाळ फुटलं ते पुरं न्हाय झालं?"

मालकांना जाऊन दुसरं वर्ष. अव्वा हे पहिल्यांदाच बोलली.

अण्णा म्हणाला, "अव्वा, गप बसा." मग मला, खाली बघत, "गिरजे, तू चार म्हैन्यात डाक्टर झालीस का?"

वहिनी दाराआड उभी होती. सगळं ऐकलं तिनं. मी हे तोंडातनं काढलं नसतं तर तिच्या छातीत काही नसतं, असं मलाही घटकाभर वाटलं. भीती वाटते मला माझ्या जिभेची.

रविवार, १८ जुलै. अणदूर

वहिनी स्वतःच अण्णाला म्हणाली, मला दाखवून आणा. गुरुवारी दोघं नळदुर्गला आले.

डॉ.बाईंनी पुढनं, मागनं ऐकलं, पायाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेना. अण्णाला बाहेर नेऊन सांगितलं. मी जवळच. दार फार अरुंद आहे. सातवा-आठवा वाईट, बाळंतपणात अन् त्यानंतरच्या घटकेला सगळ्यात वाईट. मीठ बंद, घागर-दळण बंद, झोपताना पाठीला उशा. औषधाचे थेंब रोज, एक चुकवायचा नाही, एक जास्ती द्यायचा नाही. अन् दिवस भरायच्या आत सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, इथं मला जमणार नाही, म्हणाल्या.

अण्णा म्हणाला, "बाईसाब, सोलापूर आता कुठलं? रस्ता हाय का?"

त्या म्हणाल्या, "अब्बी है नै. तबतक देखेंगे."

गुरुवार, २९ जुलै. नळदुर्ग

आज मूत्रपिंड. राजम्याच्या दाण्यासारखी दोन, पाठीशी. रक्त गाळतात. हृदय थकलं की यांच्याकडं रक्त कमी येतं, पाणी अंगातच राहतं, पायापासून चढत जातं. प्रत्येक धडा वहिनीचाच निघतो. दुसरं कुणाचं शरीर मला दिसतच नाही आता.

वर्गात आम्ही दोघीच उरलो. दोघी घरच्यांबरोबर हद्दीपलीकडं गेल्या. दवाखान्यात बायका कमी येतात. डॉ.बाई मुसलमान, म्हणून येत नाहीत. परवा दोन बंदूकवाले येऊन त्यांना विचारून गेले, हिंदू बायकांना कशाला शिकवता? त्यांच्याकडं बघायचं नाही म्हणून डॉ.बाई तेवढा वेळ बाटल्याच पुसत बसल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "हाँ, किधर थे अपन? गुर्दा."

रविवार, ८ ऑगस्ट. अणदूर

वहिनीचं डोहाळजेवण. मी माजघराच्या मागच्या खोलीत, सवाष्णींत माझं काय काम. गाणी ऐकू येत होती. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, सगळं डोळ्यांपुढं येत होतं.

अन् गाणं तुटलं.

कुणीतरी ओरडलं. मी थांबले, जावं की नको. अव्वाच धावत आली. "गिरजे, चल, तिला श्वास घेता येईना." बायका तिला आडवी करून वारा घालत होत्या. मी म्हणाले, आडवी नका करू, उठवा! पाय खाली सोडून बसवलं, पाठीला पाठ लावून मीच बसले. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता, पाण्यातनं बुडबुडे यावेत तसा. हळूहळू उतरला.

बायका न जेवताच गेल्या. एकजण जाताना म्हणाली, विधवेनं ओटीच्या बाईला शिवायचं नसतं. पण अव्वानंच मला ताट वाढून आणलं.

गुरुवार, १९ ऑगस्ट. नळदुर्ग

थेंबांची बाटली तळाला आली. हैदराबादेहून पेटी येणार होती, ती आली नाही. सोलापूरहून काही येत नाही. डॉ.बाईंनी स्वतःची पेटी उपसून अर्धी बाटली काढली, नाव पुसट झालेली. उजेडात धरून बघितली. "पुरानी है. कितना असर है अल्ला जाने."

हद्दीजवळची दोन गावं ओस पडली म्हणतात. सकाळी पश्चिमेला धूर दिसला. कुठला, कुणी सांगेना.

मी विचारलं, तुम्ही का जात नाही? म्हणाल्या, कुठं जाऊ? इकडचे म्हणतात तू आमची नाहीस, तिकडचे म्हणतील त्यांची आहेस.

शनिवार, २८ ऑगस्ट. अणदूर

खोकल्यात गुलाबी फेस. वहिनीनं फडकं लपवलं होतं, मी उशीखालनं काढलं.

फुप्फुसात पाणी उतरलं. अण्णाला दाखवलं. तो फडक्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "दुकान टाकून गेलो तर मागं काय उरंल? लुटतील." मी म्हणाले, अण्णा, तुमी राखताय काय, दुकान का माणूस? तो उठून बाहेर गेला. आल्यावर म्हणाला, "बैलं तयार करतो."

अव्वा येणार नाही. "घर सोडून मी न्हाय यायची. देव हितं हाय." वहिनीच्या गालावरनं हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली, मग माझ्याही. माझी आई मला लहानपणानंतर अशी शिवली नव्हती.

मंगळवार, ३१ ऑगस्ट. सोलापूर

आता जरा बसायला मिळालं, लिहिते.

रविवारी सकाळी निघालो. गाडीत गवताच्या पेंढ्यांवर वहिनी बसलेली. डॉ.बाई बुरखा घालून गाडीत. आम्ही बोलावलं नव्हतं, नुसता निघतोय एवढा निरोप धाडला होता. नळदुर्गहून त्या भल्या पहाटे अणदूरला आल्या अन् चढल्या. म्हणाल्या, नाक्यावर मर्दाचं चालणार नाही.

हद्दीच्या करोडगिरी नाक्यावर, जकात घेतात तिथं, शिपायांबरोबर बंदूकवालेही बसलेले. अण्णाला खाली उतरवलं, पागोटं सोडून बघितलं. एकानं वहिनीकडं बोट दाखवून विचारलं, इसकू क्या हुआ? डॉ.बाईंनी बुरख्याचा पडदा वर टाकला. मोठ्यानं, दवाखान्यात बोलतात तसं बोलल्या: सरकारी डॉक्टर आहे मी. बाई मरायला टेकलीय. हिला जाऊ दिलं नाही तर इथंच तुमच्या चारपाईवर बाळंत करीन, रक्त तुम्ही पुसा.

वहिनी तेवढ्यात खोकली. फेस त्यांनी बघितला. विचारणारा तरुण होता, मागं सरला.

बाकीचे म्हणाले, औरतां जाव. मर्द वापस.

डॉ.बाईंना मी म्हणाले, तुम्ही चला. त्यांनी मान हलवली. सरकारी नोकर, हद्द ओलांडली तर परत घेणार नाहीत, अन् दवाखान्यात आणखी तीन बायका दिवस भरलेल्या आहेत. बाटली माझ्या हातात दिली. "बिठाके रखो. लिटाव नक्को. रस्ता खराब आया तो रुको, जल्दी नक्को करो."

अण्णानं कासरा माझ्या हातात दिला. बैलाच्या पाठीवर हात फिरवला. वहिनीकडं तर बघितलंच नाही त्यानं.

दोन नाक्यांमधलं रान मोकळं. पिकात माणूस नाही, ज्वारी कुणी खुरपलेली नाही. एका झाडाखाली चूल, तिच्यावर भांडं तसंच. बैल अडखळले की वहिनीचा हुंकार ऐकू यायचा, मी थांबायची. मागं वळून बघितलं नाही. पुढं नाक्यावरचे शिपाई हिंदुस्थानचे. गाडीत हत्यार आहे का म्हणून त्यांनी पेंढ्या उसकटल्या. मग वहिनीचं तोंड बघून लॉरीत घेतलं. बैलगाडी तिथंच सोडली.

गुरुवार, ९ सप्टेंबर. सोलापूर

मोठ्या दवाखान्यात थेंब नवे मिळाले. सुजेचं पाणी थोडं उतरलं. मोठे डॉक्टर म्हणतात, दिवस भरेपर्यंत अशीच ठेवता आली तर बघू. "तर" वर जोर दिला.

अण्णाचा पत्ता नाही. अणदूरचं एक कुटुंब इथल्या निर्वासितांच्या छावणीत आलंय, त्यांना विचारलं. म्हणे, गावात लॉरी आली होती परत. कुणाच्या घरी थांबली ते त्यांनी बघितलं नाही, ते रानातनं पळाले. डॉ.बाईंचं विचारलं तर त्यातली म्हातारी म्हणाली, "त्या मुसलमान डाक्टरणीचं? कुणास ठावं बाई."

वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. ती विचारते, "हे कवा येणार?" मी म्हणते, रस्ता सुटला की.

शनिवार, ११ सप्टेंबर. सोलापूर

दुपारपासून कळा. तीन आठवडे आधी. नर्स म्हणाली बाळाचे ठोके चांगले आहेत. मी वहिनीचे मोजत नाही, बोट नाडीवर ठेवते नि काढते.

रस्त्यावरनं लष्कराच्या मोटारी जातायत, सकाळपासून, थांबतच नाहीत. सगळ्या पूर्वेकडं, आमच्या मुलखाच्या हद्दीकडं. खिडकीच्या काचा हलतात.

वहिनीला आत नेताना तिनं पदर धरला. "वन्सं, खरं सांगा. तुमाला ते पयल्या दिवशीच ऐकू आलं होतं ना?"

म्हणाले, व्हय.

"मग आता ऐका अन् सांगा, किती राहिलंय माझं."

ऐकायला धीर झाला नाही. म्हणाले, आधी बसून रहा, श्वास घ्या.

मोठ्या डॉक्टरांनी दारातनं विचारलं, नळदुर्गला शिकत होती ती कोण? ही बाई आडवी होत नाही, मागनं धरायला घरचं कुणी पाहिजे. मी उभी राहिले. कोपरापर्यंत हात धुवायला सांगितलेत. आतनं वहिनी हाक मारतेय, हाकेतला दम अर्ध्यात तुटतोय. जाते.