मनगटाची दोरी

बाबा, नमस्कार.

मी ठणठणीत आहे, पण तुमच्यावर भयंकर चिडलोय.

ताई सांगत होती, मासेमारीची कयाक लाटांतून किनाऱ्याला लावताना तुम्ही अजूनही तिची दोरी मनगटाला बांधता. कशाला? उलटली तर सोडून द्यायची! लाट तिला आपोआप किनाऱ्याला टाकते, पण बांधलेल्या माणसाला फरफटत नेते. खांदा निखळला तरी तुमचं आपलं एकच पालुपद, "होडी सोडायची नसते!" आईने किती डोकं फोडायचं?

तिचे गुडघे कसे आहेत?

अक्षराला हसू नका, डाव्या हाताने लिहितोय. परवा माझी कयाक उलटली. दोरी मनगटालाच होती. लहानपणी तुम्हीच बांधायला शिकवलीत ना!

आधी तुम्ही सोडा, म्हणजे माझीही सवय सुटेल.

तुमच्याच वळणावर गेलेला,
धाकटा